सीपीयू म्हणजे मीच

मित्रांनो, मी एक जुना सीपीयू आहे. हे वाचून तुमच्यातल्या एखाद्या हुशार मुलाने लगेच हात वर केला असेल, की डब्याला सीपीयू म्हणत नाहीत, सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर. मला ते माहीत आहे. माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? तो प्रोसेसर माझ्याच पोटात बसून होता. पण तुम्ही घरी आईला विचारा, सीपीयू कुठे आहे म्हणून. ती टेबलाखालच्या डब्याकडेच बोट करेल. या एका नावावर मी घरात ताठ मानेने उभा राहिलो आणि याच नावाने माझा घात केला. आज मी कसबा बावड्यात अंबूबाईच्या परसात आडवा पडून आहे आणि माझ्यात कोंबडी बसते. हे कसं झालं ते सांगतो. सांगताना माझा जळफळाट दिसेल. दिसू दे, तो झाकायला माझ्याकडे आता झाकणही धड उरलेलं नाही.

मी जन्मलो तेव्हा नुसता पत्रा होतो. यंत्राने मला कापलं, वाकवलं, भोकं पाडली, वर सायीच्या रंगाचा थर दिला. पुढे प्लॅस्टिकचा चेहरा बसवला आणि त्या चेहऱ्यात एक गोल बटण. बटणाला मागे दोन बारीक तारा होत्या. ते दाबलं की टक् असा आवाज यायचा. तेव्हा त्या बटणाचं मला काहीच विशेष वाटलं नाही. ट्रकमधून मी कोल्हापुरात आलो आणि राजारामपुरीत हंबीररावांच्या दुकानात फळीवर जाऊन बसलो.

दोन हजार दोन सालची गोष्ट. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी चनबसाप्पा आपल्या मुलीला घेऊन दुकानात आले. मुलगी विद्याश्री तेव्हा अकरावीत होती आणि तिला कॉम्प्युटर हवा होता. चनबसाप्पांना गुळाची ढेप हाताने दाबून तिची प्रत सांगता यायची, पण कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून हंबीररावांनी एकेका वस्तूवर हात ठेवून नावं सांगितली. "ह्यो मॉनिटर. ह्यो कीबोर्ड. ह्यो माऊस." शेवटी माझ्या पाठीवर जोरात थाप मारून म्हणाले, "आन् ह्यो सीपीयू. सगळा माल ह्याच्यात हाय, अण्णा."

हंबीररावांना खरं काय ते ठाऊक होतं. पण गिऱ्हाईकाला एवढं खोलात कोण सांगत बसतो? माझ्या आत मदरबोर्डवर, छोट्या पंख्याखाली, नखाएवढा तो खरा सीपीयू बसला होता. त्याने आपलं नाव माझ्या पाठीवर पडताना ऐकलं असणार. मी मात्र ते नाव लगेच अंगाला लावून घेतलं.

घरी माझा थाट काय सांगू! चनबसाप्पांच्या पत्नी रत्नव्वा. त्यांनी मला जमिनीवर ठेवू दिलं नाही, टेबलाखाली लाकडी पाट मांडला आणि त्यावर मला बसवलं. मॉनिटरला बाजारातलं प्लॅस्टिकचं कव्हर आलं, मला मात्र त्यांनी आपल्या इरकली लुगड्याच्या पदराचं कव्हर शिवलं. पाहुणे आले की चनबसाप्पा टेबलाशी नेऊन सांगायचे, "ह्यो टीव्हीवाणी दिसतोय त्याला काय किंमत न्हाय. खरा माल ह्या सीपीयूत हाय." मॉनिटरचं तोंड उतरायचं. मी ताठ व्हायचो.

आणि खंडेनवमी! त्या दिवशी दुकानातला तराजू, चनबसाप्पांची स्कूटर आणि मी अशा तिघांची पूजा व्हायची. रत्नव्वा माझ्या चेहऱ्यावर, बटणाच्या अगदी वर, भस्माचे तीन पट्टे ओढायच्या आणि वर झेंडूचं फूल ठेवायच्या. आतल्या प्रोसेसरला कधी भस्म लागलं नाही. त्याचं काय होत असेल याचा विचार करून मला फार बरं वाटायचं.

विद्याश्रीची मला सुरू करायची एक पद्धत होती. मी खाली, ती खुर्चीवर. वाकायचा कंटाळा, म्हणून ती पायाच्या अंगठ्याने बटण दाबायची. ते पाहिलं की रत्नव्वा स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

"आगं, ज्याला आम्ही भस्म लावतोय त्याला तू पाय लावतीस व्हय?"

मग विद्याश्री "चुकलं अव्वा" म्हणून वाकायची, बोटं बटणाला लावून डोळ्यांना लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठा, पुन्हा ओरडा, पुन्हा बोटं डोळ्यांना. पुढे पुढे कुणी ओरडलं नाही तरी ती आपली सवयीने वाकायची. अभ्यास करायचा असो की मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायचा असो, त्याशिवाय तिचं काही सुरू व्हायचं नाही.

त्या खेळाने मात्र घरात भांडण लावलं. माणसांत नाही, आमच्यात.

विद्याश्री शर्यतीत हुशार होती. गल्लीतली मुलं तिच्याशी खेळायला यायची आणि हरून जायची. पण खेळ दरवर्षी नवे येत होते आणि ते आम्हाला जड जात होते. गाडी वळणावर आली की पडद्यावर अडकायची. विद्याश्रीने नवा कॉम्प्युटर मागितला तेव्हा चनबसाप्पा म्हणाले, "सगळा न्हाय मिळायचा. दिवाळीच्या पाडव्याला एक वस्तू. कुठली ते तू ठरीव."

वर्षाला एकच वस्तू! तेव्हापासून माझ्या पोटातले सगळे पाडव्याची वाट बघायला लागले. कुणाला वाटे आपल्या जोडीला कुणी येईल, कुणाला भीती वाटे आपली गच्छंती होईल. विद्याश्री माझी बाजूची पाटी काढून, गुडघ्यावर हात ठेवून तासन्‌तास आत बघत बसायची. तिची नजर मेमरीवर जायची, कार्डावर जायची, हार्ड डिस्कवर जायची. माझ्यावर कधीच थांबायची नाही. खिडकीतून बाहेर बघणारा माणूस चौकटीकडे कशाला बघेल? पण मला ते लागायचं.

पहिल्या पाडव्याला मेमरी आली. बोटाएवढी पट्टी, तिचं स्वागत पेढ्यांनी झालं. दुसऱ्या वर्षी ग्राफिक्स कार्ड आलं, आणि मित्रांनो, त्या कार्डाने माझा जीव खाल्ला. ते एका मोठ्या खोक्यातून आलं, खोक्यावर आग ओकणारा प्राणी. विद्याश्रीने ते दोन्ही हातांनी धरलं, त्याच्यावर हलकेच फुंकर घातली. मैत्रिणींना बोलावून माझी पाटी काढून दाखवलं, "कार्ड बघा गं!" गाड्यांच्या काचेत ढग दिसायला लागले. चनबसाप्पासुद्धा म्हणाले, "कार्ड बेस हाय." ज्या घरात फक्त माझं नाव घेतलं जायचं, तिथे आता कार्ड, कार्ड, कार्ड! त्याला जागा कुणी दिली? त्याच्या अंगावरची धूळ कुणी अडवली? माझ्या पोटात असं काही दुखायला लागलं की मी पंख्याबरोबर थरथरायचो. विद्याश्रीला वाटलं स्क्रू सैल झाला. तिने तो पिळला आणि पुन्हा कार्डाकडे बघत बसली.

तिसऱ्या वर्षी तिने पाडव्याला काहीच घेतलं नाही. ती तोवर इचलकरंजीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेली होती, वसतिगृहात राहायची आणि शनिवारी घरी यायची. कार्ड चांगलं असूनही गाडी अजून अडकत होती, आणि दोष कुणाचा ते तिला कळत नव्हतं. मग एका रविवारी तिने एक युक्ती केली. खेळातलं चित्र मुद्दाम अगदी साधं केलं. ढग गेले, सावल्या गेल्या, झाडं पुठ्ठ्याची झाली. कार्डाला आता जवळजवळ काही कामच उरलं नाही. तरी गाडी वळणावर अडकलीच.

"म्हंजे कार्ड न्हाई," ती स्वतःशी म्हणाली. "हा अडवतोय." आणि तिने माझ्या आत बोट दाखवलं. प्रोसेसरकडे!

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. इतकी वर्षं माझ्या पोटात बसून माझ्या नावाचा खरा मालक म्हणून मिरवणारा हा शेवटी निरुपयोगी ठरला. हा जाणार आणि मी राहणार.

त्यातच तिच्या कॉलेजात शर्यतीची स्पर्धा जाहीर झाली. आसपासच्या गावांतली मुलं येणार होती, मुलगी ही एकटीच. वर्गातल्या मुलांनी तिला आधीच चिडवून ठेवलं होतं, की तू टाळ्या वाजवायला ये. ती घरी येऊन म्हणाली, "अव्वा, यंदा न्हाई जिंकले तरी चालंल. पण गाडी अडकून हरले तर ती माझ्याकडं बघून हसतील, आणि ते मला सोसायचं न्हाई." स्पर्धेचा नियम असा होता, की प्रत्येकाने आपापला सीपीयू घेऊन यावं. तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. सीपीयू घेऊन यावं! म्हणजे मी जाणार होतो इचलकरंजीला. मला तर त्या दिवसापासून एस.टी.ची स्वप्नं पडायला लागली.

राजारामपुरीत फोन करून तिने चौकशी केली. आमच्या मदरबोर्डावर बसणारा एकच चांगला प्रोसेसर हंबीररावांकडे उरला होता. पण तिची प्रात्यक्षिक परीक्षा आली आणि तिला इचलकरंजी सोडता येईना. म्हणून तिने घरी फोन केला. चनबसाप्पा फोनवर नेहमीच ओरडून बोलत, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"सीपीयू? व्हय, ऐकतोय की. हंबीररावाकडं जातो उद्या. नुसता सीपीयू बदलायचा. बरं. बाकी कशाला हात लावायचा न्हाय. आगं कळलं की! मला काय येडा समजतीस?"

मी मनात हसत होतो. जा रे बाबा, म्हटलं प्रोसेसरला, उद्या तुझा निकाल.

दुसऱ्या दिवशी चनबसाप्पांनी मला रिक्षात घातलं, मांडीवर धरलं. दुकानात हंबीरराव पुढे आले.

"या अण्णा! काय बिघाडलं?"

"बिघाडलं न्हाय. सीपीयू बदलायचा हाय."

"डबा?"

"मग काय! सीपीयू. पोरीनं बजावून सांगितलंय, आतल्या कशाला म्हंजे कशाला हात लावायचा न्हाय."

हंबीररावांच्या दुकानात रोज दहा माणसं डब्याला सीपीयू म्हणायची, आणि त्यांतल्या निम्म्यांना तो शब्द त्यांनीच शिकवलेला. त्यांना वेगळं काही वाटलं नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या एका डब्यावरचं कापड काढलं. काळा कुळकुळीत, बाजूला काच, आत निळे दिवे. त्यांनी वायर लावली आणि तो डबा पेटलाच म्हणा ना.

"अबाबा!" चनबसाप्पा म्हणाले. "पोरगी खूष व्हणार बगा."

मित्रांनो, मला तेव्हा कळलं. मी ओरडून सांगू शकलो असतो तर सांगितलं असतं, अण्णा, सीपीयू मी नाही! सीपीयू तो आहे, आतला, तो काढा! जे नाव मी इतकी वर्षं मिरवलं ते नाकारायला मी एका क्षणात तयार झालो. पण पत्र्याला कुठली वाचा?

माझ्यातून एकेक जण निघून काचेच्या महालात गेला. मदरबोर्ड गेला. मेमरी गेली. कार्ड गेलं, ते तर निळ्या उजेडात जास्तच ऐटीत दिसायला लागलं. पॉवर सप्लायला तरी मागे ठेवतील असं वाटलं होतं, कारण तो माझ्याबरोबरच आलेला. पण हंबीरराव त्याला हातात तोलून म्हणाले, "ह्यो वजनदार हाय, असला आता मिळत न्हाय. ह्योच घालतो." आणि तो प्रोसेसर, ज्याला बदलायचं होतं, तो पंख्याखाली निवांत बसून माझ्या डोळ्यांदेखत नव्या घरी गेला. मी रिकामा. आत फक्त बटणाच्या तारा लोंबत होत्या.

घरी आल्यावर रत्नव्वांनी नव्या डब्याला पाटावर बसवलं. माझं इरकली कव्हर त्याच्यावर घालून बघितलं, ते तोकडं पडलं. एवढंच काय ते सुख. मग धुण्याभांड्याला येणारी अंबूबाई मला बघून म्हणाली, "वैनी, ह्यो मोकळा शिपीवू मी न्हेऊ का? माझी कोंबडी खुडूक झालीया, तिला बसायला व्हईल."

"न्हे की," रत्नव्वा म्हणाल्या. इतक्या सहज.

अंबूबाईने मला बसमधून कसबा बावड्याला आणलं. परसात, न्हाणीच्या भिंतीला लागून मला आडवं केलं, बाजूची पाटी काढून ठेवली, आत उसाचं पाचट पसरलं आणि अंडी मांडली. एक तांबडी कोंबडी आली, सगळीकडे चोच मारून बघितली आणि फुगून बसली. जिथे कार्ड बसायचं तिथे तिची शेपटी. मी म्हटलं, आता जळायलाही कुणी उरलं नाही. पण तसं नव्हतं. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढे तो निळा दिवा होता. विद्याश्री आता कुणाचं बटण दाबत असेल? वाकून बोटं लावत असेल का?

ते मला अंबूबाईकडूनच कळलं. ती शेजारच्या चिमणाबाईला सगळं साग्रसंगीत सांगायची आणि मी ऐकायचो. परीक्षा लांबली, त्यामुळे विद्याश्री तीन आठवड्यांनी, शनिवारी आली. चनबसाप्पांनी डोळे मिटायला लावून तिला टेबलापाशी नेलं आणि दिवे लावले. ती आधी हसली. मग तिने आत बघितलं आणि खाली बसली. तोच प्रोसेसर, तीच अडकणारी गाडी, आणि वर्षाची वस्तू संपलेली. स्पर्धा सोमवारी.

"पोरगी बापाला एक शबूद बोलली न्हाय बग," अंबूबाई म्हणाली. "पर बापाचं त्वांड बगवत नव्हतं. सारखं आपलं म्हणतोय, तू सीपीयूच म्हणालीस की गं, तू सीपीयूच म्हणालीस."

ते ऐकून मला काय वाटलं सांगू? गोड वाटलं. नव्या डब्यामुळे घरात कुणी आनंदी नाही, याहून गोड बातमी मला हवी कशाला?

रविवारी सकाळी एक स्कूटर दाराशी थांबली. त्या आवाजाला मी कोंबडीसकट दचकलो. चनबसाप्पांची स्कूटर! खंडेनवमीला माझ्या शेजारी बसणारी! मागे विद्याश्री. चिमणाबाई कुंपणावरून म्हणाली, "काय पावणं, वाट चुकलासा?"

"चुकलो न्हाय बाई, चूक दुरुस्त करायला आलोय," चनबसाप्पा म्हणाले. ते अंबूबाईकडे वळले. "काचंचा डबा हंबीररावानं परत घेतला. म्हणाला, अण्णा, तुमची एकट्याची चूक न्हाय, शबूद मीच शिकवला. बदल्यात नवा प्रोसेसर दिला. आता सगळं सामान सुट्टं पडलंय बग. आमचा जुना डबा पायजे."

आमचा जुना डबा पाहिजे. मित्रांनो, हे शब्द मी आजही मनात घोळवतो. काचेचा महाल गेला! तो नखाएवढा प्रोसेसरही गेला! सगळे गेले आणि मी हवा झालो. मी इचलकरंजीला जाणार होतो.

अंबूबाईने पदराने हात पुसले. "न्या की, अण्णा. तुमचाच हाय. मी मेली कशाला मागितला कुणास ठावं." असं म्हणाली, पण तिथून हलली नाही.

चनबसाप्पांनी मला उचलायला हात घातला. तांबडी कोंबडी गुरगुरली आणि तिने त्यांच्या मनगटावर अशी चोच मारली की ते "शिवशिवा!" म्हणून मागे सरले.

विद्याश्री माझ्यापाशी उकिडवी बसली. गुडघ्यावर हात, आत नजर. अगदी पाडव्याला बसायची तशी.

"अंबूबाई, हिला दुसरीकडं बसवलं तर?"

"एकदा उठली की परत बसंल न बसंल, बाय. अंडी गार पडत्यात. आज-उद्या फुटायची हाईत." मग घाईने म्हणाली, "पर तुजी स्परधा हाय. न्हे तू. अंड्याचं काय येवढं."

विद्याश्रीने हात आत घातला. कोंबडीने तिलाही टोचलं, पण तिने हात काढला नाही. पोटाखाली बोटं सरकवून एक अंडं चाचपलं. आतून टकटक येत असणार, कारण मला ती पहाटेपासून येत होती. मी मनात सारखं एकच म्हणत होतो, उचल मला. अंडी गेली तर जाऊ देत. कोंबड्या काय, पुन्हा घालतील. तू मला उचल.

"राहू दे," विद्याश्री म्हणाली.

"मग तू न्हेणार कशात?" चनबसाप्पा म्हणाले.

"दुकानातली ढेपा ठेवायची फळी हाय की. तिच्यावर सगळं मांडते. डबा नसला तरी चालतंय, अप्पा."

डबा नसला तरी चालतंय! चोच मारून कोंबडीने जे केलं नसतं ते या चार शब्दांनी केलं. मेमरीशिवाय चालत नाही, प्रोसेसरशिवाय चालत नाही, अगदी त्या जड सप्लायशिवायही चालत नाही. चालतं ते फक्त माझ्याशिवाय. इतकी वर्षं मला वाटत होतं की इतरांना माझी जागा हवी आहे. माझी जागा कुणालाच नको होती. तिची गरजच नव्हती.

"सुरू करायला तेवढं बटण लागंल," ती म्हणाली आणि तिने माझ्या चेहऱ्यावर हात ठेवला. भस्माचे तीन पट्टे अजून तिथे पुसट दिसत होते. तिने अंगठा त्यांच्यावरून फिरवला. मग चेहऱ्याचे चाप सोडवले, बटण आतून दाबून मोकळं केलं आणि पाचटाखालून तारा हळूहळू ओढल्या. कोंबडी मान वाकडी करून बघत राहिली. टक् असा एकदा आवाज झाला. तो माझा शेवटचा. विद्याश्रीने बटण रुमालात बांधलं आणि स्कूटर गेली.

त्याच संध्याकाळी पहिलं अंडं फुटलं.

स्पर्धेचं पुढे अंबूबाईने चिमणाबाईला सांगितलं. लेकीबरोबर चनबसाप्पा स्वतः एस.टी.ने गेले, फळी मांडीवर आडवी धरून. फळीला गुळाचा वास, त्यामुळे सांगलीफाट्यापर्यंत मुंग्या निघाल्या. तिथे सगळ्यांचे डबे चकचकीत. एक मुलगा फळी बघून म्हणाला, "आवो, नियम वाचला न्हाई का? आपापला सीपीयू आणायचा हुता." सगळे हसले. विद्याश्रीने पंख्याखाली बोट दाखवलं आणि म्हणाली, "हा काय सीपीयू. तुम्ही आणलाय त्यो डबा हाय."

हसणं थांबलं म्हणे. माझंही सगळं थांबलं. भर सभेत माझं नाव त्याला परत गेलं. आणि कुणाला? आदल्या दिवशी आलेल्या परक्या प्रोसेसरला!

"आन् मग गं?" चिमणाबाईने विचारलं.

"मग काय, दुसरी आली. पैला यंत्रमागवाल्याचा पोरगा. पर गाडी एकदाबी अडाकली न्हाय. आन् अण्णा सांगत हुतं, सुरू करायच्या आधी पोरीनं त्या बटनाला बोटं लावली न् डोळ्यांस्नी लावली. समद्या पोरांसमोर. अण्णा सांगता सांगता रडलं."

मित्रांनो, हे सगळं होऊन आता काही वर्षं झाली. विद्याश्री पुण्याला नोकरीला लागली. फळीही गेली तिच्याबरोबर. डबा तिने कधी घेतलाच नाही. अंबूबाई सांगते, तिने मेमरी बदलली, ते आगाऊ कार्ड बदललं, मदरबोर्ड बदलला, सप्लायसुद्धा बदलला आणि तो स्पर्धेतला प्रोसेसरही कधीच भंगारात गेला. फळीवर आता सगळं नवं आहे. फक्त बटण जुनं आहे. खंडेनवमीला रत्नव्वा पुण्याला जातात, फळीवर भस्म लावायला धड जागाच नाही म्हणून त्या बटणालाच बोट टेकवतात.

मला कार्डाचा हेवा वाटायचा, तो गेला. काचेच्या डब्याचाही गेला. आता मला हेवा वाटतो तो त्या बटणाचा, माझ्याच बटणाचा! माझ्या चेहऱ्यात बसून होतं तेव्हा मी त्याला विचारलंही नव्हतं. तिची बोटं मलाच लागतात असं मी धरून चाललो होतो. ती त्यालाच लागत होती.

म्हणून मुलांनो, तुम्हाला हात जोडून दोन गोष्टी सांगतो. बाबांना दुकानात पाठवाल तेव्हा काय बदलायचं त्याचं नाव नीट सांगा, आणि त्यांना ते नीट कळलं का हे विचारा. आणि जुनं काही घराबाहेर काढायची वेळ आली, तर काढा, पण त्याचं एखादं बटण, एखादा स्क्रू आपल्यापाशी राहू द्या. उरलेल्याला सांगायला काहीतरी राहतं.

बटण होतं तिथे माझ्या चेहऱ्यात आता गोल भोक आहे. सकाळी उजेड झाला की पिल्लं त्यातून चोची बाहेर काढतात आणि अंबूबाईची वाट बघतात. ती घरातूनच सुनेला ओरडून सांगते, "आगं, शिपीवूवरची पाटी काढ, पिल्लं वराडायल्यात!" सून सरळ माझ्याकडे चालत येते. सीपीयू कुठला, हे तिला कधी विचारावं लागत नाही.